उतरताना

5 मे 2022. दुपार कलली होती, तेव्हा साताऱ्याची प्रियांका मोहिते कांचनजंगाच्या माथ्यावर उभी होती. 8586 मीटर. उंचीने जगातलं तिसरं शिखर, आणि तिचं पाचवं अष्टहजारी, म्हणजे आठ हजार मीटरांहून उंच शिखर. पाच अष्टहजारी शिखरं चढणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच दिवशी, त्याच डोंगराच्या अंगावर, 8200 मीटरच्या आसपास महाराष्ट्राचेच नारायणन अय्यर गेले. वय 52. शेर्पा सोबत होते, खाली फिरा म्हणून सांगत होते, असं मोहीम नेणाऱ्यांनी नंतर कळवलं. अय्यर फिरले नाहीत.

या दोन बातम्या मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. पहिलीने साताऱ्याचा ऊर भरून आला आणि तो यायलाच हवा होता. दुसरीने आपण दोन दिवस हळहळलो. पण डोंगर एक, दिवस एक, वाट एक. माथ्याच्या आणि त्या जागेच्या मध्ये जेमतेम चारशे मीटर, म्हणजे आपला अजिंक्यतारा पायथ्यापासून जेवढा वर उठतो त्याहून थोडंसं जास्त. साताऱ्यातली आजीबाई सकाळी फिरायला जाऊन उतरून येते तेवढं अंतर. त्या उंचीवर तेवढ्यात एक आयुष्य मावळतं.

गिर्यारोहकाच्या आयुष्याबद्दल लिहायचं म्हणजे चढाईबद्दल लिहायचं, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. शिखराचं नाव, उंची, तारीख, हातात तिरंगा, चेहऱ्यावर मुखवटा. मला लिहायचं आहे ते त्या फोटोनंतरच्या तासांबद्दल. जे त्या तासांत राहिले, त्यांच्याबद्दल.

सातारच्या मुलांना डोंगर कुणी शिकवत नाही. गल्लीतून मान वर केली की अजिंक्यतारा, यवतेश्वराचा घाट चढून गेलं की कासचं पठार, पावसाळ्यात ढगात अर्धा बुडालेला सज्जनगड. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोट्याच्या रानात शिरायचं आणि माथ्यावरून बाबूकडा पाहून पोटात गोळा आणायचा, हे इथल्या कॉलेजातल्या कित्येक पोरापोरींचं पहिलं धाडस. बर्फ नाही. अख्ख्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, ते 1646 मीटर. एव्हरेस्टचा बेस कॅम्प त्याच्या तिप्पट उंच. आमच्याकडे आहे तो काळा कातळ, मुरमाचा घसारा आणि होळीनंतर पिवळं पडून तेल लावल्यासारखं निसरडं झालेलं गवत.

आणि या कातळावर फिरणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पायांनी कळलेली असते. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते, हात आधी पोहोचतो, पाय मागून येतो. उतरताना सगळं उलटं. पाय आंधळा होऊन खाली चाचपडतो, नजर थेट दरीत जाते. दृष्टिभय म्हणतात ते उतरतानाच अंगावर येतं. सह्याद्रीतले जुने भिडू नवख्याला चढताना फारसं काही बोलत नाहीत. उतरायला लागलं की मात्र त्यांचा आवाज चढतो: कातळाकडे तोंड कर, तीन आधार पक्के ठेव, गवताला हात घालू नकोस, घाई नको. दिवस संपत आलेला असतो, पाणी संपलेलं असतं, मन घरी पोहोचलेलं असतं. पाय तेवढे डोंगरात असतात.

हिमालयात हेच सगळं शंभर पटींनी खरं होतं. आठ हजार मीटरवर एका श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. अन्न पचत नाही. बर्फ वितळवल्याशिवाय घोटभर पाणी मिळत नाही. शेवटच्या कॅम्पवरून रात्री निघायचं, दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त चढायचं, माथ्यावर काही मिनिटं थांबायचं, आणि मग तीच वाट उलट पावली. सिलिंडर तोवर बराच रिकामा झालेला असतो. दोराच्या प्रत्येक अँकरपाशी कॅराबिनरची कडी सोडवायची आणि पुढच्या दोरात अडकवायची. बोटं बधिर, डोकं जड. फुफ्फुसात पाणी झालं किंवा मेंदूला सूज आली तर आपण चुकतो आहोत हेही माणसाला उमगत नाही. बसावंसं वाटतं. फक्त दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत कितीतरी जण कायमचे बसले आहेत.

अष्टहजारी शिखरांचा इतिहासच अशा उतरणीने सुरू होतो. 3 जून 1950 रोजी मॉरिस हर्झोग आणि लुई लाशेनाल अन्नपूर्णेवर पोहोचले. माणसाने चढलेलं ते पहिलं अष्टहजारी शिखर. उतरताना हर्झोगचे हातमोजे गेले. पुढचे दिवस वादळाचे, हिमभेगेत काढलेल्या रात्रीचे, हिमदंशाने काळ्या पडलेल्या हातापायांचे. हर्झोगने हातापायांची बोटं गमावली, लाशेनालने पायांची. चढाईने त्यांना कीर्ती दिली आणि उतरणीने किंमत वसूल केली. त्याच अन्नपूर्णेवर 16 एप्रिल 2021 ला प्रियांका पोहोचली, असं करणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची मुलंही त्याच दिवशी माथ्यावर होती. सगळी मंडळी सुखरूप खाली आली. मला त्या बातमीतलं हेच वाक्य सगळ्यात मोठं वाटतं आणि तेच नेहमी शेवटी, बारीक अक्षरात छापलेलं असतं.

प्रियांकाची वाट साताऱ्यातल्या कुठल्याही मुलीने नीट पाहावी अशी आहे. 1992 चा जन्म. आधी सह्याद्री, मग उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतलं प्रशिक्षण, 2012 मध्ये गढवालमधलं बंदरपूंछ. 2013 च्या मे महिन्यात, विशीत, एव्हरेस्ट. त्यानंतर 2018 मध्ये ल्होत्से, 2019 मध्ये मकालू, मग अन्नपूर्णा आणि कांचनजंगा. मधल्या काळात शिक्षण, बंगळूरच्या औषध कंपनीतली नोकरी, रजा साठवणं, पैसे साठवणं. तिला तेनसिंग नोर्गे साहस पुरस्कारही मिळाला. एव्हरेस्टपासून ल्होत्सेपर्यंत पाच वर्षं गेली, याकडे मी पुनःपुन्हा पाहतो. पाच वर्षांत विशीतलं माणूस किती गोष्टी सोडून देतं! डोंगर सोडायला तर कारण शोधावंही लागत नाही. घरचे देतात, बँक देते, गुडघे देतात.

व्यावसायिक गिर्यारोहक म्हटलं की लोकांना पगार, करार, जाहिराती असं काही डोळ्यांसमोर येतं. इथलं वास्तव असं आहे की एका अष्टहजारी मोहिमेला लाखो रुपये लागतात आणि ते गोळा करण्यात शिखर चढण्यापेक्षा जास्त महिने जातात. नगरसेवकांचं कार्यालय, कारखान्याचे अध्यक्ष, पतसंस्था, जुने मास्तर, मामा. फाइल काखेत धरून बाहेरच्या बाकावर बसायचं. आणि पैसे मिळाले की त्यांच्यासोबत न लिहिलेली एक अट येते: माथ्यावर आमचा फलक दिसला पाहिजे. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ती अट दोराला बांधलेल्या दगडासारखी माणसासोबत वर जाते, आणि 8200 मीटरवर, फिरायचं की पुढे जायचं हा एकच प्रश्न उरलेला असताना, ती जागी होते.

नारायणन अय्यर का फिरले नाहीत हे मी सांगू शकत नाही. त्यांच्या मनात त्या दुपारी काय होतं ते त्यांच्याबरोबर तिथेच राहिलं. पण जे वर अडतात त्यांच्या पाठीवर आपण सगळे थोडे थोडे बसलेलो असतो, एवढं मला ठाऊक आहे.

2019 चा मे महिना आठवतो. 15 तारखेला प्रियांका मकालूच्या माथ्यावर होती. लगेच दुसऱ्या दिवशी त्याच मकालूवर उतरताना सैन्यातले नारायण सिंग गेले, आणि बंगालचे दीपंकर घोष उतरणीवरच हरवले. एका आठवड्यानंतर एव्हरेस्ट. 22 मे रोजी गिर्यारोहक निर्मल पुर्जाने काढलेला तो फोटो जगभर गेला: धारेवर एकामागे एक उभी असलेली रंगीबेरंगी माणसं, वरच्यांना खाली येता येत नाही, खालच्यांना वर जाता येत नाही. त्या हंगामात एव्हरेस्टवर अकरा जण गेले. त्यांतली दोन माणसं आपल्या महाराष्ट्राची होती.

अंजलीताई कुलकर्णी, तुम्ही पन्नाशी ओलांडलेल्या होतात. ज्या वयात आपल्याकडे बाईला जिने जपून उतरा म्हणतात, त्या वयात तुम्ही पती शरद यांच्यासोबत जगाच्या छपरावर गेलात. चढाई तुमची झाली होती. खाली येताना तुमचं बळ संपलं. दोघांनी मिळून पाहिलेल्या स्वप्नातून एकच माणूस घरी परतलं. शरदराव नंतर, 2023 मध्ये, पुन्हा एव्हरेस्टवर गेले आणि माथा गाठून खाली आले. तुमच्या शेवटच्या वाटेवरून ते दोनदा चालले असतील, एकदा वर जाताना आणि एकदा उतरताना. त्या दुसऱ्या वेळी त्यांनी पाय कसा टाकला असेल, याचा विचार आला की मी वाचत असलेलं पुस्तक बाजूला ठेवतो.

निहाल बागवान, तू अकलूजचा. फलटण ओलांडलं की तुझा मुलूख. उसाचा, सपाट, उन्हाने तापलेला. त्या मातीतून निघून 27 वर्षांचा पोरगा एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचतो, यापेक्षा मोठी गोष्ट या पंचक्रोशीत त्या वर्षी घडली नव्हती. तू पोहोचलास. 23 मेच्या बातमीत तुझ्या चढाईचं अर्धं वाक्य होतं आणि बाकी सगळं तुझ्या जाण्याचं. बारा तासांहून जास्त वेळ तू त्या गर्दीत अडकलास, शेर्पांनी तुला उचलून चौथ्या कॅम्पपर्यंत आणलं, आणि तंबूत तू गेलास. तू दमला होतास, एवढंच लिहिलं होतं. तुला कड्याने ढकललं नाही, हिमकड्याने गाडलं नाही. तू रांगेत उभा राहून दमलास. शिधापत्रिकेच्या, दवाखान्याच्या, प्रवेशाच्या रांगांत उभं राहण्यात ज्यांचा जन्म जातो त्या आमच्या लोकांमधला तू, जगातल्या सगळ्यात उंच रांगेत संपलास. हे दुःख मला आजही नीट मांडता येत नाही.

आणि तुम्हाला खाली आणणारे ते शेर्पा, ज्यांची नावं आपल्या वर्तमानपत्रांत क्वचितच येतात. दोर तेच लावतात, शिड्या तेच टाकतात, सिलिंडर तेच वाहतात. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात एकाच सकाळी सोळा नेपाळी कामगार गेले, तेव्हा ते कुणाच्या तरी स्वप्नाचं सामान वर नेत होते. आपल्या प्रत्येक शिखराखाली त्यांचा खांदा आहे.

हिमालयच जीव घेतो असंही नाही. 18 जानेवारी 2020 रोजी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत गेले. अख्खं आयुष्य सह्याद्रीच्या कड्यांना दोर बांधण्यात घालवलेला माणूस. दरी ओलांडणं, धबधब्यातून, कड्यावरून दोराने उतरणं हे खेळ इथल्या दोन-तीन पिढ्यांना ज्यांनी शिकवले त्यांत त्यांचं नाव वरचं. तेही उतरताना गेले, सोबत्यांच्या उतरण्याची व्यवस्था लावताना. दुसऱ्या दिवशी दरीत त्यांचा देह सापडला. शोधायला उतरले ते त्यांच्याच रानात वाढलेले लोक.

गिर्यारोहकाचं हे एक काम आपण कधी त्याच्या कारकिर्दीत धरत नाही. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. महाबळेश्वरला सहलीला निघालेली माणसं. एक जण कसाबसा वर आला, बातमी त्याच्यामुळे कळली. मग पावसात, धुक्यात, ओल्या कातळावरून महाबळेश्वर ट्रेकर्सची आणि आसपासच्या गावांची मुलं दोर लावून खाली उतरली. एक एक देह स्ट्रेचरला बांधून वर पाठवला. या मुलांपैकी कुणाच्या नावावर अष्टहजारी शिखर नसेल. घरी दुकान, हॉटेल, टॅक्सी, शेती. फोन आला की दोर उचलून निघतात आणि जिथे पाहायचंही धाडस होणार नाही अशा जागी उतरतात. यांना मी पूर्ण अर्थाने गिर्यारोहक म्हणतो. अर्ध्या रात्री परक्याच्या मृतदेहासाठी दरीत उतरणं आणि पुन्हा चढून येऊन त्याबद्दल घरात काही न बोलणं, याला लागणारं मन कुठल्याच उंचीने मोजता येत नाही.

सांगलीचा विचार करतो तेव्हा कृष्णेसोबत जातो. महाबळेश्वरला उगम, वाईचे घाट, माहुलीचा संगम, कराडला कोयनेची मिठी, आणि मग डोंगर मागे टाकून हळदीच्या आणि उसाच्या काळ्या रानातून हरिपूरला वारणेला भेटायला. शिराळ्याकडचा चांदोलीचा, प्रचितगडाचा पट्टा सोडला तर सांगलीच्या वाट्याला डोंगर कमीच. तरीही याच सपाटीवरून, वाळवा तालुक्यातल्या पडवळवाडीचे पोलीस अधिकारी संभाजी गुरव 2021 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोहोचले. ते करोनाचं दुसरं वर्ष. खाली देशात चिता जळत होत्या, वर बेस कॅम्पवरही आजार पोहोचला होता. गणवेशातला माणूस, नोकरीतून वाट काढून, वर गेला आणि खाली येऊन पुन्हा कामावर रुजू झाला. खाली येऊन कामावर रुजू होणं यातलं थोरपण मला दिवसेंदिवस जास्त जाणवतं.

कराडजवळच्या गोळेश्वरची एक गोष्ट या सगळ्यासोबत मनात फिरत राहते, ती कुस्तीची असली तरी. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने वर्गणी काढली होती, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण टाकून सात हजार दिले होते. खाशाबा परतले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधी, 1948 मध्ये, खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले होते आणि सहावे आले होते. मॅटवरची कुस्ती, परके नियम. पदकाविना परतले. ज्यांनी त्यांना त्या परतण्यानंतर पुन्हा उभं केलं, सरावाला जागा दिली, चार वर्षांनी पुन्हा पैसे जमवले, त्यांच्यामुळे 1952 घडलं. खर्डीकर सरांनी घर गहाण टाकलं ते हरून परतलेल्या मल्लासाठी, हे आपण सांगायला विसरतो.

डोंगरात हरून परतणं म्हणजे जिवंत परतणं. माथा शंभर मीटरवर दिसत असताना, हवा फिरली म्हणून, पाय बधिर झाले म्हणून, सोबत्याची शुद्ध हरपली म्हणून पाठ फिरवणारा गिर्यारोहक त्या वेळी आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय घेत असतो. वर्षानुवर्षांचे पैसे, रजा, आईचे दागिने, सगळं त्या एका वळण्यात बर्फावर सांडतं. तो खाली येतो तेव्हा स्टेशनवर घरचे दोघं-तिघं असतात. ढोल नसतो. ‘थोडक्यात राहिलं’ एवढं ऐकायला मिळतं, आणि पुढल्या वेळी फाइल घेऊन गेला की साहेब कामात असतात. हे पाहणारा दुसरा पोरगा मनात काय ठरवतो ते सांगायला नको. तो ठरवतो की आपण फिरायचं नाही.

म्हणून सातारा आणि सांगलीतल्या संस्थांना, कारखान्यांना, पतसंस्थांना, नगरपालिकांना आणि ज्यांच्या घरातलं पोर दोर घेऊन शनिवारी रात्री बाहेर पडतं त्या आईवडिलांना माझं मागणं आहे. मदत देताना लिहून द्या की शिखर झालं नाही तरी चालेल. मुलांना शिबिरात नेलं की पहिले दोन दिवस फक्त उतरायला शिकवा. दरीतून माणसं काढणाऱ्या पथकांना दोर, हेल्मेट आणि विमा द्या. पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या स्टेशन चौकात सत्काराचा मंडप घालाल तेव्हा अंजली कुलकर्णी, निहाल बागवान, नारायणन अय्यर, अरुण सावंत यांची नावं आधी घ्या. आणि त्याच व्यासपीठावर, त्याच दिवशी, माथ्याच्या अलीकडून माघारी आलेल्यालाही बोलवा, तोच हार त्याला घाला, आणि त्याच्या पुढच्या मोहिमेचा धनादेश तिथेच त्याच्या हातात द्या.